गल्लीचा रस्ता आणि कोपऱ्यावरचे गेम पार्लर : नवनिर्वाचित नगरसेवकांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायतींचे नवनिर्वाचित सदस्य

सन्माननीय सदस्यहो,



डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या आणि 15 जानेवारी 2026 रोजी राज्यातील 29 महानगरपालिकांच्या निवडणुका होऊन आपण सभागृहात आलात, त्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. काही शहरांत 2020 पासून, तर मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मार्च 2022 पासून कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात कोट्यवधी रुपयांची रस्त्यांची कामे निघाली आणि पूर्णही झाली. परंतु त्यांवर सभागृहात एकही प्रश्न विचारला गेला नाही, कारण विचारणारे कोणी सभागृहात नव्हते. आपली गल्ली कोणाच्या सहीने खोदली गेली, हे कळण्यासाठी नागरिकाला माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागे आणि त्याचे उत्तर येईपर्यंत काम उरकलेले असे. आता प्रत्येक प्रभागाला प्रतिनिधी मिळाला आहे आणि पाच वर्षांच्या सवयी पहिल्या काही महिन्यांतच पडतात, म्हणून हे पत्र आजच लिहिणे अगत्याचे वाटते.

पत्राचा विषय दोन निर्णयांपुरता मर्यादित आहे. पहिला, वस्तीतील अंतर्गत रस्त्यांची सुधारणा. दुसरा, वस्तीतील व्हिडिओ गेम पार्लर आणि गेम झोन यांचे नियमन. एक विषय बांधकाम विभागाचा आणि दुसरा परवान्यांचा, त्यामुळे कार्यालयीन दृष्टीने त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. परंतु ज्या घरापुढून तो रस्ता जातो, त्याच घरातील मुले त्या पार्लरमध्ये जातात. दोन्ही निर्णयांचा परिणाम त्याच कुटुंबावर होतो, आणि दोन्ही निर्णयांत त्या कुटुंबाला काही विचारले जात नाही, काही सांगितलेही जात नाही. नागरिकांची मुख्य तक्रार हीच आहे.

रस्ते बांधणे व त्यांची देखभाल करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, म्हणजे निधी उरला तर करावयाच्या ऐच्छिक कामांत ते मोडत नाही. नगरपरिषदांसाठी 1965 च्या अधिनियमात तशीच व्यवस्था आहे. मुंबईत तर मालमत्ता कराच्या देयकात पथकर या नावाने रस्त्यांसाठी स्वतंत्र रक्कम वसूल केली जाते. तेव्हा एखाद्या गल्लीचे डांबरीकरण झाल्यावर तिच्या तोंडाशी ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’ असा फलक लावणे वस्तुस्थितीला धरून नाही. त्या जागी दुसरा फलक हवा. कामाचे नाव, लांबी-रुंदी, मंजूर रक्कम, कंत्राटदाराचे नाव, काम सुरू व पूर्ण होण्याचा दिनांक आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम पूर्ण झाल्यानंतर ज्या मुदतीत रस्ता उखडल्यास कंत्राटदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो ती मुदत, एवढा तपशील त्यावर असला पाहिजे. ही मुदत नागरिकाला ठाऊक नसल्यामुळेच कंत्राटदाराने भरावयाचे खड्डे पुन्हा पालिकेच्या पैशाने भरले जाण्याचा धोका राहतो.

यानंतरचा मुद्दा रस्त्याच्या उंचीचा आहे आणि त्यावर अधिक थांबणे भाग आहे, कारण जुन्या वस्त्यांचे सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी झाले आहे. डांबरी रस्त्यावर नवा थर टाकताना जुना थर खरवडून काढायचा असतो. त्यासाठी मिलिंगचे यंत्र वापरतात. हे काम वगळून जुन्या थरावरच नवा थर चढवला, तर एका थराला 25 ते 50 मिलिमीटर धरले तरी चार-पाच वेळच्या डांबरीकरणात रस्ता वीतभर वर येतो. मग जी घरे बांधताना रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच होती, त्यांचे उंबरे रस्त्याच्या पातळीला येतात, पुढे त्याखाली जातात. गावठाणात, पेठांत, चाळींच्या बोळांत फिरताना रस्त्यात अर्धवट बुडालेली पहिली पायरी, जमिनीला टेकलेले पाण्याच्या मीटरचे झाकण आणि पावसाचे पाणी अडवण्यासाठी दारात घातलेला विटांचा बांध कोणाच्याही दृष्टीस पडेल. असा बांध घालणाऱ्या कुटुंबाने कोणतेही अनधिकृत बांधकाम केलेले नसते. त्यांच्या घराची जमिनीपासूनची उंची पालिकेने कमी केलेली असते. काँक्रीटच्या रस्त्याने हा प्रश्न आणखी कठीण केला, कारण डांबर खरवडता तरी येते, काँक्रीटची एकदा चढलेली पातळी पुन्हा उतरवणे जवळजवळ अशक्य होते.

म्हणून पहिली ठोस विनंती अशी की, आपल्या प्रभागातील कोणत्याही रस्त्याच्या अंदाजपत्रकाला संमती देण्यापूर्वी त्या रस्त्याची सध्याची पातळी, दोन्ही बाजूंच्या घरांच्या जोत्यांची पातळी आणि गटाराच्या तळाची पातळी या तिन्हींची नोंद कनिष्ठ अभियंत्याकडून लेखी मागवावी व ती रहिवाशांना पाहावयास ठेवावी. पाणी रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे वाहून जावे यासाठी रस्त्याला दोन्ही बाजूंना जो हलका उतार देतात, तो शंभर भागांस साधारण दोन ते अडीच भाग इतका असतो. तो ठेवला नाही किंवा गटाराची झाकणे रस्त्यापेक्षा उंच राहिली, तर पाणी डांबरावर साचते, खडी आणि डांबर यांची पकड सुटते आणि पहिल्या मोठ्या पावसात खड्डा पडतो. दरवर्षी खड्ड्यांचे खापर पावसावर फोडले जाते. परंतु पाऊस कोकणातही पडतो आणि पठारावरही पडतो, आणि ज्या रस्त्याचे पाणी नीट निघून जाते तो दोन्हीकडे टिकतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विषयात दिलेला निर्णय आपण मुळातून वाचावा. सुस्थितीतील सुरक्षित रस्ते हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून, खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि दुखापत झाल्यास तिच्या स्वरूपानुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे न्यायालयाने त्यात ठरवून दिले, आणि ही रक्कम जबाबदार अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करण्याचा मार्गही दाखवला. आपल्या नगरपालिकेत असा दावा कोणाकडे दाखल करावयाचा, हे नागरिकाला आजही सहजासहजी सांगता येत नाही. ते नाव आणि तो पत्ता प्रभाग कार्यालयाच्या दर्शनी भागात लागला पाहिजे.

खोदाईविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे, कारण हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे. जलवाहिनी, मलवाहिनी, वीज, गॅस आणि इंटरनेटची केबल टाकणाऱ्यांनी आपापले काम रस्ता होण्याआधी संपवावे, निदान पुढे लागणाऱ्या वाहिन्यांसाठी रस्त्याखाली मोकळे पाइप आडवे टाकून ठेवावेत, एवढी अट कार्यादेशात घातली आणि ती पाळली गेली की नाही हे आपण स्वतः उभे राहून पाहिले, तर नव्या रस्त्याच्या पोटात पहिल्याच वर्षी चर पडणार नाही. काँक्रीट ओतताना झाडांच्या बुंध्यांना आवळून टाकण्याचा प्रकारही थांबावा; झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडण्याचा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा दिल्लीतील आदेश 2013 चा आहे आणि त्यामागील कारण महाराष्ट्रातल्या झाडांनाही लागू पडते.

गतिरोधकांचा विषय मात्र आपल्या थेट अखत्यारीत येतो, कारण ते बहुतेक वेळा नगरसेवकाच्या तोंडी सांगण्यावरून होतात. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानके ठरवणारी देशातील संस्था, हिच्या प्रमाणानुसार सर्वसाधारण गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच आणि गोलाकार असावा, म्हणजे ताशी सुमारे 25 किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून विनाधक्का जाते. गल्लीत दिसणारा गतिरोधक जेमतेम दोन-तीन फूट रुंद आणि कधी याहून उंच असतो, त्यावर पांढरे पट्टे नसतात, आधी सूचनाफलक नसतो. रात्री दुचाकीवर मागे बसलेली स्त्री त्यावरून फेकली जाते आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला त्याचा दणका बसतो. रहिवाशांची गतिरोधकाची मागणी खरी असते, कारण गल्लीतून वाहने बेफाम जातात आणि मुले दारात असतात. मागणी मान्य करावी. माप मात्र मानकाचेच असावे.

येथे पत्राचा दुसरा विषय पहिल्याला येऊन मिळतो. गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर वाहनांचा वेग वाढतो, दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहू लागतात आणि जिथे संध्याकाळी लगोरी, विटीदांडू किंवा टेनिसच्या चेंडूचे क्रिकेट चाले ती जागा मुलांच्या हातून जाते. ही हानी कोणत्याही अंदाजपत्रकात मांडली जात नाही. रस्ता चांगला झाल्याचा आनंद खरा असला, तरी त्याच वेळी वस्तीतील मुलांनी खेळावे कोठे हा प्रश्न विचारणे पालिकेचेच काम होते आणि ते झालेले नाही. बालहक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारात भारत 1992 मध्ये सहभागी झाला, त्याच्या अनुच्छेद 31 मध्ये खेळ व विरंगुळा हा बालकाचा हक्क म्हणून नोंदलेला आहे. मैदानांची आरक्षणे वर्षानुवर्षे कागदावर राहिली, मोठ्या गृहसंकुलांत नियमाने सोडलेल्या मोकळ्या जागा त्या संकुलांच्या कुंपणाआड गेल्या, पालिका शाळांची मैदाने शाळा सुटताच कुलूपबंद होऊ लागली. आणि मग मुले कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये जाऊ लागली, तेव्हा सर्वांना एकदम काळजी वाटू लागली.

व्हिडिओ गेम पार्लर ही महाराष्ट्रातील शहरांना नवी गोष्ट नाही. आज चाळिशीत असलेल्या पिढीला टोकन टाकून चालणारी ती उभी यंत्रे, खटखट वाजणारी लाल मुठीची दांडी आणि 1993 मध्ये आलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ आठवत असेल, ज्याला मुलांनी त्यातील एका पात्रावरून सरळ ‘मुस्तफा’ हे नाव देऊन टाकले होते. एक मुलगा खेळे आणि खिशात पैसे नसलेले चार जण पाठीमागे उभे राहून बघत. तेही त्या खेळात सामीलच असत. अशा जागेकडे केवळ संशयाने पाहणे अन्यायाचे आहे. ज्या मुलाच्या घरात एकच खोली आहे आणि दाराबाहेर खेळण्याइतका रस्ता उरलेला नाही, त्याला बरोबरीच्या मुलांत बसण्यासाठी पैसे मोजून का होईना एक जागा मिळते, ही गोष्ट नियमन करणाऱ्याने आधी मान्य केली पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गेम पार्लरच्या नावाखाली जुगाराची यंत्रे चालवल्याच्या आणि त्यांवर पोलिसांनी छापे घातल्याच्या बातम्या राज्यातील अनेक शहरांतून येत असतात. जुगार प्रतिबंधासाठी महाराष्ट्रात 1887 चा अधिनियम आजही लागू आहे आणि केवळ कौशल्यावर अवलंबून असलेल्या खेळांना त्याने वगळलेले आहे. एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या 1995 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमसाठी परवान्याची सक्ती वैध ठरवली आणि कौशल्य व नशीब यांपैकी कशाचे प्राबल्य आहे हे त्या-त्या खेळाचे स्वरूप पाहून ठरवावे लागते, असे सांगितले. या विवेचनाचा व्यवहारातील अर्थ असा की सरसकट सर्व पार्लर बंद करा ही मागणी जितकी चुकीची, तितकेच प्रत्येक यंत्र न तपासता परवाना देणेही चुकीचे. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यानंतर गल्लीतील यंत्रांवर लक्ष ठेवण्याची गरज वाढलीच आहे.

हे लक्ष कोणी ठेवावयाचे, याचे उत्तर देताना प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. सार्वजनिक करमणुकीच्या जागांचा परवाना पोलीस अधिनियमाखालील नियमांनुसार, म्हणजे आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडून आणि अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून. इमारतीचा वापर व अग्निसुरक्षा नगरपालिकेकडे. जुगाराची कारवाई स्थानिक पोलीस ठाण्याकडे. यामुळे नगरसेवकाला ‘हा विषय आपल्याकडे येत नाही’ असे सांगून मोकळे होता येते. ते उत्तर यापुढे देऊ नये, ही दुसरी विनंती. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा राज्याची करमणूक कर आकारण्याची सत्ता संपली. परंतु करमणुकीवर कर बसवून तो वसूल करण्याची नगरपालिका व पंचायतींची सत्ता संविधानाच्या 101 व्या दुरुस्तीने कायम ठेवलेली आहे. ज्या व्यवसायावर कर बसवण्याची सत्ता संविधानाने पालिकेला दिली, त्याची नोंद ठेवणे आणि त्याची पाहणी करणे ही तिची जबाबदारी नाही असे म्हणणे तर्काला धरून होत नाही.

25 मे 2024 रोजी गुजरातमधील राजकोट येथे एका गेम झोनला आग लागून 27 जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुले होती. पत्र्याची तात्पुरती उभारणी, आत साठवलेले इंधन, चालू असलेले वेल्डिंगचे काम, बाहेर पडण्याची अपुरी वाट आणि अग्निशमन विभागाच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा अभाव, इतक्या गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. तो गेम झोन लपूनछपून चाललेला नव्हता. तो भर शहरात, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालू होता. घटनेनंतर तेथील महानगरपालिका व पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि देशभर तपासण्यांची लाट आली, जी नेहमीप्रमाणे ओसरली.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, अग्निशमन विभागाला सादर करावे लागते. त्याला नमुना ‘ब’ म्हणतात. आपल्या प्रभागातील प्रत्येक गेम पार्लर आणि गेम झोनच्या जागेसाठी हा कागद आहे का, एवढे पाहण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. जोडीने काही साध्या गोष्टी पाहाव्यात. शटरच्या गाळ्यात दुसरे दार आहे का, पोटमाळ्यावर यंत्रे मांडली आहेत का, एकाच बोर्डावरून किती यंत्रांना वीज दिली आहे, शाळेच्या वेळेत गणवेशातील मुलांना आत घेतले जाते का, आणि जिंकलेल्या गुणांच्या बदल्यात रोख रक्कम दिली जाते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर ते पार्लर राहत नाही आणि पोलिसांना लेखी कळवणे हे आपले कर्तव्य ठरते. उलट जो मालक हे सर्व नियम पाळतो, त्याला हप्त्यासाठी किंवा वर्गणीसाठी त्रास होणार नाही याचीही हमी आपणच देऊ शकता. नियम स्पष्ट आणि सर्वांना माहीत असले की लाच मागण्याचा वाव आपोआप कमी होतो.

वरील दोन्ही विषय नागरिकांसमोर आणण्याचे साधन कायद्यात तयार आहे. 2009 मध्ये राज्यातील महानगरपालिका व नगरपरिषदांच्या कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद झाली. ग्रामसभेत जसे गावातील सर्व मतदार बसतात, तसे ठरावीक मतदान केंद्रांच्या क्षेत्रातील सर्व मतदारांनी नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली एकत्र येऊन वस्तीच्या कामांचा अग्रक्रम सुचवावा, अशी ती कल्पना आहे. ही तरतूद जवळपास सर्वत्र पुस्तकातच राहिली. पुणे महानगरपालिकेने 2006-07 पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामे सुचवून घेण्याची प्रथा सुरू केली, तिचे मोल मोठे आहे. परंतु अर्जावर काम सुचवणे वेगळे आणि शेजाऱ्यांसमोर उभे राहून ‘आधी गटार, मग रस्ता’ हे एकमेकांना पटवणे वेगळे. अर्जात प्रत्येक जण आपल्या दारापुरते मागतो. सभेत दुसऱ्याच्या उंबऱ्यात शिरणारे पाणीही ऐकावे लागते.

मुंबईखेरीज इतर महानगरपालिकांत बहुतांशी चार सदस्यांचा प्रभाग आहे आणि त्याने उत्तरदायित्व पातळ झाले आहे, हे आपणही खासगीत मान्य कराल. एका गल्लीसाठी चार नगरसेवक असले की रस्ता झाल्यावर चौघांची नावे फलकावर येतात आणि खड्डा पडल्यावर चौघेही तो विषय उरलेल्या तिघांवर सोडतात. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर चौघांनी प्रभागाचे भाग आपसांत वाटून घेऊन कोणत्या गल्लीसाठी कोण उत्तर देणार हे लेखी जाहीर करण्यास कोणाचीही हरकत असू शकत नाही, आणि पक्ष वेगळे असले तरी एवढे जमण्यासारखे आहे.

तेव्हा पहिली क्षेत्रसभा येत्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे मेअखेरपर्यंत बोलवावी. तिच्यापुढे प्रभागातील मंजूर रस्त्यांची यादी, त्यांची अंदाजपत्रके, पातळ्यांची नोंद आणि दोषदायित्व कालावधी संपण्याच्या तारखा मराठीत ठेवाव्यात. त्याच सभेत प्रभागातील गेम पार्लरांची यादी, त्यांचे परवाने आणि जानेवारीचे नमुना ‘ब’ मांडावेत. पार्लरमालकांना आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींनाही बोलण्यास बोलवावे, कारण त्यांच्याविषयीचे निर्णय आजवर त्यांच्या गैरहजेरीतच झाले आहेत. पालिका शाळेचे मैदान संध्याकाळी दोन तास खुले ठेवण्याचा ठराव तेथेच मांडावा. जी मागणी नाकारावी लागेल तिचे कारण इतिवृत्तात लिहावे, आणि ते इतिवृत्त प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावे. सभेची तारीख, वेळ आणि जागा निदान आठ दिवस आधी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कळवावी.



आपला नम्र,
प्रभागातील एक करदाता मतदार